पहिला प्रश्न कोणाचा?

आमच्या सोलापुरात जुन्या पत्रकारांचं एका गोष्टीवर कधीच एकमत झालं नाही. पत्रकार संघाचं पहिलं व्याख्यान नेमकं कधी झालं? माझे थोरले काका, ज्यांना अख्खी नवी पेठ अण्णा म्हणायची, ते छातीठोकपणे सांगत की संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. त्यांचे दोस्त तात्या लगेच मोडता घालत. "त्याच्या आधीपासनं बसत होतो की रे आपण. संघ कुठं होता तेव्हा? चार बातमीदार, एक किटली आणि उधारीचा चहा." दोघंही आता नाहीत. जुनं दप्तर एका पावसाळ्यात भिजून लगदा झालं, त्यामुळे या वादाचा निकाल लागायची शक्यताच उरलेली नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. त्या दोघांच्या भांडणातून जे काही बाहेर पडायचं ते माझ्या कानांत पक्कं बसलंय, आणि मी या धंद्यात पडले तेही त्यामुळेच.

अण्णांची कुठलीही गोष्ट 1930 सालापासून सुरू व्हायची, मग विषय नळाच्या पाण्याचा का असेना. त्या साली ते जन्मलेही नव्हते. पण माझे आजोबा तेव्हा गिरणीत कारकून होते, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं अण्णा स्वतः पाहिल्यासारखं सांगत. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली. गिरण्या थांबल्या, माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाले. दोन-तीन दिवस तर शहरात इंग्रजांचं राज्य आहे की नाही असा प्रश्न पडावा अशी स्थिती होती. मग मार्शल लॉ आला. पुढे खटला चालला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिलं गेलं. ही चार नावं ओळीने वाचली तरी सोलापूर कसलं शहर आहे ते कळतं. त्यांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. संक्रांतीच्या तोंडावरचे ते दिवस, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा भरायची वेळ. त्या वर्षी आजोबांनी घरातल्या कोणालाच जत्रेला जाऊ दिलं नाही, एवढं घरात सांगितलं जायचं.

हे सांगून झालं की अण्णा चष्मा काढत आणि म्हणत, "ज्या गावात एका संपादकाला फासावर चढवलंय, त्या गावात पत्रकारानं पाहुण्याला हार घालून गप्प बसायचं नसतं." वाक्य टाळ्यांचं होतं आणि त्यांना ते ठाऊकही होतं. पण त्यांनी आयुष्यभर जे केलं ते या वाक्याला धरूनच केलं, म्हणून ते मी इथे लिहिते आहे.

व्याख्यान ऐकायची हौस मराठी माणसाला पत्रकारांनी लावलेली नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंजीवर बसून इतिहास, अर्थकारण आणि समाजसुधारणा ऐकणं हा आपला शहरी रिवाज झाला. सार्वजनिक गणेशोत्सवाने तो पेठापेठांत नेला. सोलापुरातही वाचनालयं होती, मेळे होते, वक्ते होते. पण अण्णांची तक्रार अशी, की या सगळ्या व्याख्यानांत श्रोता हा कानच राहिला. वक्ता दीड तास बोलणार, अध्यक्ष समारोपात तेच पुन्हा अर्धा तास बोलणार, आभार, पानसुपारी, घरी. मंडळींना काही विचारायचं असेल तर त्यांनी ते चपला शोधताना एकमेकांना विचारावं. पत्रकार संघाने उलटं करायचं ठरवलं. वक्ता अर्धा तास, प्रश्न तासभर.

हे ठरवण्यामागे काही फार थोर विचार होता असं नाही, हे तात्यांनीच मला सांगितलं. कारण साधं होतं, बातमीदारांना काही येत नव्हतं. पत्रकारितेचं शिक्षण वगैरे कोणाला ठाऊक नव्हतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग 1964 मध्ये सुरू झाला, आणि आमच्याकडचा बातमीदार म्हणजे मॅट्रिकला गणितात गटांगळी खाऊन छापखान्यात चिकटलेला, नाहीतर शाळामास्तर असून संध्याकाळी ओळीच्या हिशेबाने बातम्या पाठवणारा. त्याला अचानक धरणाची बातमी लिहायला सांगितली की क्यूसेक म्हणजे काय इथपासून सुरुवात. तेव्हा कोणा इंजिनियरला चहाला बोलवा आणि विचारून घ्या. गावातलं कोणी बसायला आलं तर येऊ द्या. अशी ती सुरुवात.

संघ म्हणून पाटी लागली ती पगाराच्या प्रश्नामुळे. 1952 साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला, 1954 मध्ये त्याचा अहवाल आला आणि 1955 मध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. त्या कायद्यात पत्रकाराला चार आठवड्यांत 144 तासांपेक्षा जास्त काम नको, असं लिहिलेलं होतं. अण्णा हे कलम विनोदी चुटक्यासारखं सांगत. "एकशे चव्वेचाळीस? आमचे पंधरवड्यातच संपायचे." पुढे न्यायमूर्ती दिवाटियांच्या मंडळाने पगार ठरवून दिले आणि 1958 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. त्या आठवड्यात संघाच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती, असं दोघंही सांगत. तात्या पुढे जोडत, "पगार रद्द झाल्यावर गर्दी, व्याख्यानाला निम्मी खोली रिकामी. लिहून ठेव हेही."

लिहून ठेवते आहे. तात्या होते म्हणून अण्णांच्या गोष्टी पोथी होण्यापासून वाचल्या. वक्ता दीड तास उशिरा आला होता, एकदा आलाच नव्हता, शेंगाचटणी-भाकरीचा बेत असेल त्या दिवशी सभासदांची उपस्थिती डोळ्यांत भरण्यासारखी असायची, हा सगळा मजकूर तात्यांचा.

तरी त्या काळात सभासद असणं म्हणजे काम होतं. वर्गणी द्यायची ती वेगळीच. महिन्याच्या व्याख्यानाची पत्रकं एकाने छापून घ्यायची. छापखान्यात लग्नपत्रिका कापून उरलेल्या गुलाबी-पिवळ्या पट्ट्या पडलेल्या असत, त्यांवर. कंपोझिटर हा पद्मशाली समाजातला, घरी तेलुगू बोलणारा, पण मराठी ऱ्हस्व-दीर्घ संपादकापेक्षा पक्कं असलेला गृहस्थ. तो दिवसाचं काम संपल्यावर दहा ओळी फुकट जुळवून द्यायचा. त्याची अट एकच, वक्त्याच्या नावामागे तीनपेक्षा जास्त विशेषणं लावायची नाहीत, केसमध्ये खिळे पुरत नाहीत. एकाने पत्रकं वाटायची, एकाने सतरंज्या मागून आणायच्या आणि मोजून परत करायच्या. आणि पाळीपाळीने प्रत्येकाने व्याख्यानाचा वृत्तांत लिहायचा. वृत्तांताचा नियम कडक होता. अध्यक्षांच्या भाषणाला दोन ओळी, प्रश्नोत्तरांना निम्मी जागा.

सगळ्यांत महत्त्वाची होती प्रश्नवही. अशा वह्यांपैकी एकच आज शिल्लक आहे, तीही काकूंनी ट्रंकेत साड्यांखाली ठेवली म्हणून. दुकानदार वापरतात तसली लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी खतावणी. व्याख्यानाच्या आधी आठवडाभर ती संघाच्या टेबलावर उघडी पडलेली असायची, दोरीने बांधलेली पेन्सिल बाजूला. पानाच्या वर विषय आणि वक्त्याचं नाव. खाली गावातल्या कोणीही येऊन आपला प्रश्न लिहावा. पानं उलटताना पहिल्यांदा नजरेत भरतात त्या लिप्या. म्हाताऱ्या वकिलांची सराईत मोडी, हातमागवाल्यांचं गोल गोल तेलुगू, कन्नड, एखाद्या पानावर उजवीकडून सुरू झालेलं उर्दू, आणि त्या प्रत्येकाखाली अण्णांनी बारीक अक्षरात केलेलं मराठी भाषांतर. समासात निळ्या पेन्सिलीने एकेक अक्षर. 'वि.' म्हणजे विचारला. 'रा.' म्हणजे राहिला. राहिलेला प्रश्न मरत नसे. तो कोणा तरी बातमीदाराच्या नावावर चढायचा आणि त्याने महिन्याभरात त्याची बातमी करायची किंवा उत्तर मिळालं नाही म्हणून सांगायचं. एका पानावर लिहिलंय, 'गिरणी बंद पडली तर आमचा फंड कोण देणार?' समोर 'रा.' पुढच्या पानावर तोच प्रश्न, वेगळं अक्षर, पुन्हा 'रा.' साठच्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, तेव्हा हा प्रश्न गावभर झाला.

आणि संघाचा तो एक नियम, ज्यावरून दरवर्षी भांडण व्हायचं. पहिला प्रश्न पत्रकाराने विचारायचा नाही. पदाधिकाऱ्याने तर नाहीच. पहिला प्रश्न गावातल्या माणसाचा. तरुण बातमीदार चिडत. एवढा मंत्री किंवा कलेक्टर समोर बसलाय आणि आम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं? अण्णांचं म्हणणं असं की पत्रकार विचारतो तो प्रश्न उद्याच्या मथळ्यासाठी असतो, माणूस विचारतो तो परवाच्या रेशनसाठी. वक्त्याला आधी दुसऱ्या प्रकारचा घाम फुटू द्या.

या नियमाचं फळ म्हणून अण्णा एक गोष्ट नेहमी सांगत. 1964 मध्ये सोलापूरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली. अंदाजपत्रक फुगलं, आकडे मोठे झाले, आणि बातमीदारांची पंचाईत झाली. तेव्हा संघाने पालिकेतून निवृत्त झालेल्या एका लेखापालाला बोलावलं. विषय होता, अंदाजपत्रक वाचावं कसं. या विषयावर ऐकायला कोण येणार? पण खोली भरली, कारण पत्रकावर 'घरपट्टी' हा शब्द ठळक छापला होता. ती कंपोझिटरची अक्कल. लेखापालांनी फळ्यावर तीन रकाने आखले. पुढच्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. ते म्हणाले, तुम्ही लोक पहिला रकाना छापता, ती तर साहेबांची इच्छा आहे. तिसरा रकाना बघा. इच्छा किती आणि खर्च किती, त्यातलं अंतर हीच बातमी. मग प्रश्न सुरू झाले आणि नियमाप्रमाणे पहिला उठला एक पानवाला. म्हणाला, "आमच्या बोळातली मुतारी तीन वर्षं तुमच्या पुस्तकात आहे. बोळात नाही. ती कुठल्या रकान्यात बघू?"

खोली हसून लोटपोट झाली, पण एका बातमीदाराने तीन वर्षांची अंदाजपत्रकं मागवली आणि अशी पुस्तकातली कामं शोधून काढली. रस्ते, गटारी, शाळेच्या भिंती. अण्णा म्हणत, त्या बातमीने कोणाची खुर्ची गेली नाही. मात्र पुढच्या वर्षीपासून पालिकेचे अधिकारी संघात यायचं म्हटलं की आधी तिसरा रकाना वाचून यायला लागले. सार्वजनिक व्याख्यानाचा याहून मोठा उपयोग मला तरी माहीत नाही.

सीमाप्रश्नाचं व्याख्यान मात्र दोघांनाही अवघड गेलं. महाजन आयोगाचा अहवाल 1967 मध्ये आला. बेळगाव कर्नाटकातच राहावं, पण निपाणी, खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 गावं महाराष्ट्रातून कर्नाटकाला द्यावीत, अशी त्याची शिफारस. त्यात आमच्या दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडचा भागही आला. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. संघाने यावर एका वकिलांचं भाषण ठेवलं. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, त्यामुळे भाषण तापलेलं. टाळ्या, घोषणा. मग पहिला प्रश्न. चाटी गल्लीतला एक कापडाचा व्यापारी उभा राहिला आणि कन्नडमध्ये बोलू लागला. मागच्या बाजूने ओरड झाली, मराठीत बोला. अण्णा उठले आणि म्हणाले, त्यांना बोलू द्या, मी मराठीत सांगतो. प्रश्न असा होता: दुकान कुठल्या राज्यात हे तुम्ही सावकाश ठरवा, पण माझा मुलगा ज्या शाळेत जातो ती चालू राहणार की नाही, हे आज कोणी सांगेल का? वकील क्षणभर थांबले. मग म्हणाले की याचं उत्तर त्यांच्या भाषणात नव्हतं आणि ते असायला हवं होतं. तात्या अहवालापेक्षा त्या कबुलीची आठवण जास्त काढत. ते स्वतः पक्के समितीवाले. तरी त्यांनी वृत्तांतात हा प्रश्न सगळ्यांत वर घेतला आणि घरी बायकोचं बोलणं खाल्लं.

1972 च्या दुष्काळाची गोष्ट अण्णांपेक्षा काकू चांगली सांगतात. काकू अजून आहेत, ऐकायला कमी येतं, बाकी सगळं खणखणीत. आमच्या जिल्ह्यात मंगळवेढा, सांगोला, करमाळा या भागात तेव्हा माणसं कामाच्या शोधात खडी केंद्रावर जात. खायला परदेशातून आलेला लाल मिलो, पोरांना सुकडी. संघाने दुष्काळी कामांवर एका अधिकाऱ्याला बोलावलं. आदल्या संध्याकाळी सांगोल्याकडचा वार्ताहर एसटीने आला तो एका बाईंना आणि त्यांच्या दिराला घेऊन. बाई खडी फोडायच्या कामावरच्या. रात्री कुठे ठेवणार, म्हणून आमच्याकडे. काकू म्हणतात, "भाकरी वाढली तर तिनं आधी वास घेतला. ज्वारीचा वास. मग म्हणाली, काकू, ही आपली शाळू हाय." दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने आकडे वाचले, इतकी कामं, इतके मजूर, इतका खर्च. पहिला प्रश्न त्या बाईंचा. त्या उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच विचारलं. "साहेब, हजेरी मांडणारा बाबू आठवड्यातनं एकदा येतो. आम्ही सहा दिस दगड फोडतो. त्यो नसताना फोडलेला दगड कुणाच्या नावावर जातो?"

त्यानंतर कोणा पत्रकाराला काही विचारायचं सुचलं नाही म्हणे. त्या केंद्रावरचा बाबू बदलला, एवढंच घडलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना आणि 1977 चा तिचा कायदा ही महाराष्ट्राने देशाला दिलेली मोठी गोष्ट आहे. तिचं श्रेय आमच्या संघाच्या खोलीला द्यायला मी निघालेले नाही. पण पुढे या योजनेवर लिहिताना आमच्याकडचे बातमीदार मजुरांची संख्या विचारायच्या आधी हजेरीपत्रक मागायचे, हे खरं आहे, आणि ते त्यांना कोणी शिकवलं हेही.

आणीबाणीबद्दल अण्णा बोलत नसत. काकू बोलतात. जून 1975 ते मार्च 1977 या काळात संघाने एकही व्याख्यान ठेवलं नाही. कोणी बंदी घातली नव्हती, पत्र आलं नव्हतं. पदाधिकाऱ्यांनी आपसांतच ठरवलं की सध्या नको. प्रश्नवही टेबलावरून कपाटात गेली. डिसेंबर 1975 मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. तिथे दुर्गाबाई भागवतांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना, आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. आमच्याकडून एक तरुण बातमीदार स्वतःच्या खर्चाने तिकडे गेला होता. त्याने परत येऊन लिहिलेलं छापलं गेलं नाही, ते ठीक. पण संघाच्या खोलीत चार जणांना बसवून त्याला ते तोंडी सांगूही दिलं नाही, हे काकूंना आजही माफ करता येत नाही. "दुर्गाबाई एकट्या बाई. आणि हे बावीस बाप्ये." अण्णा त्या बावीसांत होते. ते समोर बसलेले असताना काकू हे बोलायच्या, आणि ते पेपरची घडी उलगडायचे. आणीबाणीनंतर व्याख्यानं पुन्हा सुरू झाली, गर्दी तर आधीपेक्षा वाढली. पण तात्यांच्या मते खोलीचा धाक गेला तो गेलाच. गरज होती तेव्हा दार बंद होतं, हे लोकांनी पाहिलं होतं.

मी सभासद झाले तेव्हाही नोटिशीत 'बंधूंनो' असंच छापलेलं असायचं. बायकांनी श्रोत्यांत बसायला कोणाची हरकत नव्हती. त्यांना चहाचं विचारलं जायचं, म्हणजे चहा कसा जमलाय ते. हा काही आमच्या गावाचा खास दोष नव्हे. वॉशिंग्टनचा नॅशनल प्रेस क्लब 1908 चा. जगभरातले पुढारी तिथे जेवणाच्या टेबलांसमोर भाषणं देऊन गेले. तिथे 1955 पासून महिला बातमीदारांना भाषण टिपायला परवानगी मिळाली ती वरच्या सज्जात उभं राहून, आणि सभासदत्व मिळालं 1971 मध्ये. आम्हाला निदान सतरंजी होती. ती पुढे मीच मोजून परत करू लागले.

आता संघाला चांगली इमारत आहे, खुर्च्या आहेत, वातानुकूलन आहे. सभागृह पत्रकार परिषदांना भाड्याने जातं आणि त्यावर संघाचा खर्च भागतो. यात गैर काही नाही. पण हळूहळू संघाचा स्वतःचा कार्यक्रम आणि भाड्याचा कार्यक्रम यांतला फरक पुसला गेलाय. निवडणुका जवळ आल्या की 'वार्तालाप' होतात. पाहुण्यांना पुष्पगुच्छ, शाल, पुस्तक. पुढच्या रांगेत वाहिन्यांचे बूम मांडलेले. प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात यायला हवा म्हणून तो पाहुण्याकडे पाठ करूनच उभा. प्रेसनोट आधीच मोबाईलवर आलेली, त्यात न दिलेल्या उत्तरांसकट. मी एकदा एका बड्या पाहुण्यांच्या वार्तालापात शेतीच्या पीकविम्याबद्दल विचारायला उठले. संयोजकांनी हसून सांगितलं की ताई, प्रश्न आधी लिहून द्यायचे होते. मला वाटलं प्रश्नवही परत आली की काय. तसं नव्हतं. लिहून दिलेले प्रश्न पाहुण्यांच्या स्वीय सहायकाकडे जायचे आणि तो त्यातले निवडायचा.

श्रोत्यांत गावातलं कोणी नव्हतं. बोलावलंच नव्हतं कोणाला.

सभासद कमी झालेत असं मात्र समजू नका. यादी वाढलीच आहे. वर्षातून दोनदा सगळे हजर असतात. एकदा 6 जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली 'दर्पण' काढलं त्या दिवशी, पत्रकार दिनाच्या जेवणाला. आणि एकदा कार्यकारिणीच्या निवडणुकीला. निवडणुकीला पॅनेल असतात, जाहीरनामे असतात, रात्री उशिरापर्यंत फोन असतात. जाहीरनाम्यांत भूखंड, विमा, अधिस्वीकृती, टोलमाफी असं सगळं असतं, आणि यातल्या बऱ्याच मागण्या रास्तही आहेत. गावोगावच्या वार्ताहराचं आजचं मानधन ऐकलं तर अण्णांच्या काळातली ओळीची बिदागी बरी वाटेल. पत्रकारांवर हल्ले होतात म्हणून महाराष्ट्राने 2017 मध्ये वेगळा कायदा केला, त्यासाठी संघटनांनी बरीच वर्षं झगडा दिला, तोही हवाच होता. पण एकाही जाहीरनाम्यात 'वर्षभरात अमुक विषयांवर व्याख्यानं घेऊ' असं वाक्य मला अलीकडे वाचायला मिळालेलं नाही.

कोणी म्हणेल, आता गरज काय? महाराष्ट्राने 2002 मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला, 2005 मध्ये केंद्राने केला. पानवाला आता मुतारीचा हिशेब दहा रुपयांचं तिकीट लावून मागवू शकतो. खरं आहे, आणि असे अर्ज करणारी माणसं आमच्या शहरात आहेत. त्यांच्या घरी उत्तरांचे गठ्ठे पडून असतात. त्यांना अडचण असते ती पुढची. आलेल्या कागदातला तिसरा रकाना कोणता हे त्यांना कोणी दाखवत नाही, आणि ज्या बातमीदाराला ते दाखवता येईल तो त्यांना भेटत नाही, कारण तो रोज तीन पत्रकार परिषदा आणि चार व्हिडिओ यांत अडकलेला असतो. अशा दोघांनी महिन्यातून एक संध्याकाळ एका खोलीत समोरासमोर बसावं, एवढ्यासाठीच तर संघाची व्याख्यानं होती. पाहुणा हे निमित्त.

म्हणून पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे, आणि ती मी पुढच्या सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव म्हणूनही मांडणार आहे. भाड्याच्या उत्पन्नातून महिन्याची एक संध्याकाळ राखून ठेवा. विषय गावाचा घ्या: उजनीचं पाणी, यंत्रमागाची वीज, कचरा, सिटी बस. वक्ता अर्धा तास, प्रश्न तासभर. वृत्तांत पाळीपाळीने सभासदांनी लिहावा आणि ज्याने वर्षभरात एकही लिहिला नाही त्याला निवडणुकीत उभं राहता येऊ नये. आणि टेबलावर एक वही ठेवा. वाचकहो, तुमच्या गावात पत्रकार संघाची पाटी असेल तर एकदा आत जा. पुढचं व्याख्यान कधी आहे आणि प्रश्न कुठे लिहायचा, ते विचारा.